लसीच्या दिवशी एक गोष्टीचं पुस्तक

मागच्या महिन्यात तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर लसीकरणाची बातमी करायला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, कारण चूक त्या गावाची नाही. व्हरांड्यात पंधरा-वीस बाया लेकरं घेऊन बसलेल्या. सुई टोचली की पोरगं रडायचं, रडलं की आई मोबाईल हातात द्यायची, पोरगं गप्प. सिस्टर एकट्या. लस देणं, कार्ड भरणं, रजिस्टर, पुन्हा मोबाईलवर ऑनलाईन नोंद. त्यांना मान वर करायला वेळ नव्हता.

शेजारच्या एका ताईंचं माता व बाल संरक्षण कार्ड चाळायला घेतलं. वजनाचा आलेख भरलेला, लसींच्या तारखा भरलेल्या. त्याच कार्डात चित्रं असलेली पानं आहेत. कितव्या महिन्यात बाळ हसतं, कधी आवाजाकडं वळतं, कधी बोलायला लागतं, आईनं त्याच्याशी काय बोलावं, काय खेळावं. ती पानं कोरी करकरीत. विचारलं, हे कोणी समजावून सांगितलं का? त्या म्हणाल्या, "नाही हो दादा, ते सुयांचंच पान बघत्यात."

घरी येताना हेच डोक्यात. पोराचं वजन मोजतो, उंची मोजतो, दंडाचा घेर मोजतो. त्याच्या कानावर दिवसात किती शब्द पडतात, हे कोण बघतं?

आपलं सिन्नर विड्यांचं गाव. माझ्या लहानपणी गल्लीतल्या बाया ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. हात गुंतलेले, तोंड मोकळं. गप्पा, भांडणं, गाणी, भुताच्या गोष्टी, सगळं त्या ओट्यावर. आम्ही पोरं तिथंच लोळत मोठी झालो. त्या दिवसांचं मला कौतुक करायचं नाही. तंबाखूची धूळ आणि रात्रीचा खोकला पण मी त्याच घरांत ऐकलाय. पण पुस्तक नसलेल्या घरातसुद्धा पोराच्या कानावर भाषा पडत होती. आता हात मोकळे झाले आणि तोंडं बंद झाली. ओटा राहिला नाही, आई एमायडीसीत पाळीला, आणि पोराच्या हातात स्क्रीन.

म्हणून जरा जुना इतिहास उकरला. सापडलं ते असं, की तब्येत आणि अक्षर या दोन गोष्टी मुळात वेगळ्या नव्हत्याच.

लहान मुलांच्या शिक्षणात जिचं नाव जगभर घेतात ती मारिया माँटेसरी आधी डॉक्टर होती. 1896 साली रोमच्या विद्यापीठातून ती वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडली. 1907 साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत तिनं पहिलं बालगृह काढलं. तिचे विचार गुजरातेत गिजुभाई बधेकांनी आणि मराठीत ताराबाई मोडकांनी रुजवले. ताराबाई भावनगरला गिजुभाईंसोबत काम करत होत्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. शहरातल्या सुखवस्तू घरांसाठी बालमंदिरं निघाली, चाललीही. पण ताराबाईंना ती पुरेशी वाटली नाहीत.

1945 साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. (अनुताईंच्या मास्तरकीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, चांदवडकडं झाली, हे आपल्याकडं फार कोणाला माहीत नसतं.) बोर्डीत बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली पोरं येईनात. तेव्हा या बायका पोरांच्या दारात गेल्या. अंगणातच शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आधी पोराचे हातपाय धुवायचे, नखं काढायची, मग गाणं, मग गोष्ट. आरोग्य खातं वेगळं आणि शिक्षण खातं वेगळं असा हिशेब त्या अंगणात नव्हता. पुढं 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर काम हललं. तिथं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळासुद्धा काढली. म्हणजे पोरगं जिथं असेल तिथं जायचं, एवढंच त्यांचं सूत्र.

ताराबाई 1973 साली गेल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, देशभरात 33 प्रकल्पांपासून. शब्द मात्र ताराबाईंचा घेतला. योजनेत सहा सेवा कागदावर एकत्र होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. कागद चांगलाच होता.

घोळ नंतर झाला. खिचडी किलोत मोजता येते, वजन काट्यावर दिसतं, लसीची तारीख पडते. गोष्ट सांगितली का, याचा रकाना भरायचा कसा? जे मोजलं गेलं त्याचाच वरून आढावा झाला, आणि सेविकाताईंचा दिवस त्यातच संपायला लागला. त्यांना दोष देऊ नका. मी वीस वर्षं त्यांच्या मोर्च्यांच्या बातम्या करतोय, त्यांच्याकडं किती रजिस्टरं असतात ते पाहिलंय.

6 फेब्रुवारी 2013 ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, ती पालघरला. बोर्डी, कोसबाड त्याच किनारपट्टीवर, आज त्याच जिल्ह्यात. या कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासायच्या गोष्टींच्या यादीत भाषा उशिरा येणं हेसुद्धा आहे. म्हणजे बोलणं हा तब्येतीचा भाग आहे, हे सरकारनं लिहून मान्य केलंय. पण पथक येणार, तपासणार, जाणार. उरलेले दिवस घरात काय बोलायचं, काय वाचायचं?

याचं एक साधं उत्तर 1989 साली अमेरिकेत बॉस्टनच्या सरकारी दवाखान्यात निघालं. बॅरी झुकरमन आणि रॉबर्ट नीडलमन हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सोबतच्या शिक्षिका यांनी नेहमीच्या तपासणीला आलेल्या मुलाला पुस्तक द्यायला सुरुवात केली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, दर तपासणीला एक.

यातली खुबी मला पटली. पुस्तक शेवटी बक्षीस म्हणून द्यायचं नाही, आत आल्या आल्या द्यायचं आणि डॉक्टरनं बघत राहायचं. सहा महिन्यांचं बाळ ते तोंडात घालतं. वर्षाचं झालं की चित्रावर बोट ठेवतं. दोन वर्षांचं पानं उलटतं, नावं सांगतं. दोन मिनिटांत डॉक्टरला पोराचे हात, डोळे, बोलणं आणि आईशी असलेलं नातं, सगळं दिसतं. म्हणजे पुस्तक हे तपासणीचंच हत्यार झालं, स्टेथोस्कोपसारखं. आज हा कार्यक्रम तिथल्या पन्नासही राज्यांत आहे, आणि 2014 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं जन्मापासून वाचून दाखवायला सांगणं हा डॉक्टरच्या कामाचा भाग ठरवला. इंग्लंडात 1992 ला बर्मिंगहॅममध्ये तीनशे कुटुंबांपासून असंच सुरू झालं. तिथं घरोघर जाणाऱ्या नर्सताई पुस्तकांची पिशवी द्यायच्या.

कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश. पण आपल्याकडं जे आहे ते त्यांनाही हेवा वाटावा असं आहे. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, सोळा महिन्यांनंतर आणि पाच वर्षांनी, आई पोराला घेऊन लसीसाठी स्वतःहून येते. आईबापांशी एवढ्या वेळा गाठ पडणारं दुसरं सरकारी ठिकाण मला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, बसल्या वेळी गोष्ट सांगा, वाचून दाखवा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते. पण मोबाईल काढून घेतला तर त्या हातात द्यायचं काय, हे चिठ्ठीवर लिहून कोणी देत नाही.

आणि आई वाचू शकत नसेल तर? चित्राचं पुस्तक वाचावं लागत नाही, बोलावं लागतं. ही बघ म्हैस, म्हैस कशी करते. झालं.

गेल्या आठवड्यात मी लेकीची जुनी चित्रांची अकरा पुस्तकं पिशवीत घालून परत त्या उपकेंद्रावर गेलो. पहिल्या बाळानं कोपरा चावून ओला केला. दुसऱ्यानं हत्तीवर चापट मारली, आई हसली आणि "हत्ती, हत्ती" करत बसली. सुई टोचल्यावर ते रडलं, पण मोबाईल पिशवीतच राहिला. सिस्टर म्हणाल्या, "पुस्तकं ठेवून जा दादा. पण आमच्या रजिस्टरला याचा रकाना नाही बरं का."

पुढचं सत्र पुढच्या महिन्यात आहे. ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांच्या माळ्यावर जाड पानांची, चित्रांची मराठी पुस्तकं पडून असतील. फाटकी चालतील, चावलेली पण चालतील. इथं कळवा, मी गाडीवर येऊन घेऊन जाईन. तालुक्यातल्या बालरोगतज्ज्ञांपैकी कोणी दवाखान्यात एक फळी मोकळी करून देणार असेल तर त्यांनीही सांगा.