उस्मानियाची म्हातारी मुलं

साठी बुद्धी नाठी, ही म्हण आमच्या कचेरीत प्रत्येक निरोप-समारंभाला कुणीतरी गमतीने ऐकवतोच. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, चहा-भजी आणि सेवापुस्तक बंद. माणसाचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं, आता त्याने नातवंडं सांभाळावीत असा एकूण सूर. पण एका विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं जन्मसाल-मृत्युसालासकट समोर मांडली, तर ही म्हण खोटी पडते. ते विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया.

गोंयकार वाचक विचारील, उस्मानियाशी आपला काय संबंध? संबंध आहे. पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडचा हुशार मुलगा घरी मराठी पोथी वाचायचा आणि पणजीच्या लिसेवमध्ये पोर्तुगीजमधून शिकायचा. निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलाची कथा तीच, फक्त पोर्तुगीजच्या जागी उर्दू. आपण १९६१ साली मुक्त झालो, ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी.

ही मुलं कुठून यायची ते कळायला थोडा भूगोल पाहू. बीदर जिल्ह्यात औराद तालुक्यात चिंताकी नावाचं गाव आहे. आज ते कर्नाटकात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू, चारही भाषा ज्याच्या कानावरून जातात असा हा मुलूख. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुकेसुद्धा बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते तीन मुंबई राज्याकडे गेले, औराद-भालकी म्हैसूर राज्याकडे. त्याआधी चिंताकीच्या मुलाला काय किंवा उदगीरच्या मुलाला काय, पदवी घ्यायची तर हैदराबादची वाट धरावी लागे. गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, इंटरपर्यंतची सोय होती, पण तेही कॉलेज उस्मानियाचंच.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने निघालं. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून सगळं उच्च शिक्षण द्यायचं, हा त्याकाळी धाडसाचाच प्रयोग. त्यासाठी स्वतंत्र भाषांतर खातं उघडलं, शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणली. गोष्ट कौतुकाची, पण मेख अशी की राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. तिच्या मुलांना ही ‘देशी’ भाषासुद्धा परकीच होती.

खदखद होती ती १९३८च्या अखेरीस बाहेर आली. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली, विद्यार्थ्यांनी संप केला, आणि विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. लोण गुलबर्गा, औरंगाबाद, वरंगळपर्यंत पोचलं. एवढ्या मुलांना घेणार कोण? नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडलं आणि ही पोरं ट्रंका उचलून मध्यप्रांतात गेली.

त्यात वरंगळच्या कॉलेजातला एक तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. नागपूर, मग पुण्याचं फर्ग्युसन, असा तो मराठी मुलखात राहिला आणि मराठीत मुरला. इतका, की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याने पुढे तेलुगूत नेली. उस्मानियाने हाकललं नसतं तर हे भाषांतर झालं असतं का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. १९८४ आणि १९८९ साली ते रामटेकमधून खासदार झाले. १९९१ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही, राजकारणातून बाजूला व्हायची तयारी चालली होती. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली आणि २१ जून १९९१ रोजी राव पंतप्रधान झाले. सत्तरी पूर्ण व्हायला सात दिवस कमी होते!

त्यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले शंकरराव चव्हाण. जन्म १९२०, पैठणचा, वकिलीची पदवी उस्मानियाची. दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होऊन गेलेला हा माणूस सत्तरी उलटल्यावर देशाचं गृहखातं पाच वर्षं सांभाळत होता. त्याच वर्षी लोकसभेचे सभापती झाले चाकूरचे शिवराज पाटील, त्यांची विज्ञानाची पदवीही उस्मानियाचीच. म्हणजे १९९१ ते १९९६ या काळात पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेचे सभापती, तिघेही जुन्या निजामी राज्यातले आणि तिघेही उस्मानियाच्या पटावरचे. या काळाचे आर्थिक निर्णयही लोकांच्या लक्षात आहेत आणि ६ डिसेंबर १९९२ही. निवाडा इतिहास करीलच. मला इथे एवढंच दिसतं, की ज्या वयात आपण पेन्शनीचे कागद जुळवतो त्या वयात या माणसांच्या खांद्यावर सर्वांत मोठं ओझं आलं.

सरहद्दीच्या पलीकडेही तेच. गुलबर्गा जिल्ह्यातल्या चिंचोळीचे वीरेंद्र पाटील उस्मानियाचे वकील. ते १९६८ साली म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि एवढी वर्षं गेल्यावर १९८९ साली, वयाच्या पासष्टीत, पुन्हा मुख्यमंत्री. जेवर्गीचे धरम सिंग, तेही उस्मानियाचेच, २००४ साली सदुसष्टाव्या वर्षी कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले आणि २००९ साली बीदरमधून लोकसभेवर गेले. तेव्हा चिंताकीच्या मतदाराचा खासदारही एक उस्मानियाचा म्हातारा विद्यार्थीच होता म्हणायचा.

पण सगळ्यांनाच म्हातारपण लाभत नाही. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकले. उस्मानियात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे सख्खे मामा. परीक्षांशी कुरुंदकरांचं कधी जमलं नाही, पदव्या फार उशिरा आल्या, तोवर महाराष्ट्र त्यांना विचारवंत म्हणून ओळखू लागला होता. ‘श्रीमान योगी’ वाचलेल्या आपल्याकडच्या प्रत्येकाने त्यांची प्रस्तावनाही वाचलेली असते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला भाषणासाठी व्यासपीठावर असतानाच ते गेले. वय वर्षं ४९. मामा-भाचे दोघेही लवकरच गेले, नांदापूरकर १९५९ साली. या माणसाला साठी-सत्तरी मिळती तर काय काय लिहिलं असतं, हा हिशोब मांडवत नाही.

आता ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे येतो. सेतुमाधवराव पगडी. विद्यापीठाच्या पटापुरतं न थांबता त्या मुलखाच्या उर्दूकडे पाहायचं तर पगडींना वगळताच येत नाही. जन्म १९१०, निलंग्याचा, म्हणजे त्यावेळच्या बीदर जिल्ह्यातला. निजामी राज्यात सनदी अधिकारी. आदिलाबादेत गोंडांमध्ये काम करताना गोंडी शिकून तिचं व्याकरण लिहिलं. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरचं काम. पण मराठी वाचकावर त्यांचे खरे उपकार वेगळेच आहेत. औरंगजेबाच्या दरबारातली फारसी बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली. भीमसेन सक्सेना आणि खाफी खान यांच्यासारखे मोगलांच्या बाजूचे साक्षीदार मराठीत बोलते केले. शिवाय गालिब, मीर, इक्बाल यांची ओळख करून दिली. यातलं पुष्कळसं काम पन्नाशी उलटल्यावरचं. १९९२ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा ते ब्याऐंशीच्या घरात होते, आणि १४ ऑक्टोबर १९९४ रोजी गेले.

इथेच मला गंमत दिसते. जी भाषा या मुलांवर राज्यकर्त्याने लादली, जिच्यासाठी त्यांनी मनात राग धरला, तीच उतारवयात त्यांच्या कामी आली. राग राज्यकर्त्यावर ठेवला, भाषेवर काढला नाही. म्हणून शिवकालाची दुसरी बाजू आज आपल्याला मराठीत वाचता येते. आपल्याकडेही पोर्तुगीज येणारी म्हातारी माणसं होती आणि जुने दस्तऐवज त्यांच्याचकडे न्यावे लागत. ती एकेक करून गेली.

हैदराबादची मंडळीही गेली. वीरेंद्र पाटील १९९७ साली, शंकरराव फेब्रुवारी २००४ मध्ये, नरसिंह राव त्याच वर्षी २३ डिसेंबरला. भारतरत्न मिळालं ते २०२४ साली, मरणोत्तर. धरम सिंग २०१७ साली. १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूरला शिवराज पाटील गेले, नव्वदी पूर्ण करून. प्रत्येकाचा मृत्युलेख आपापल्या राज्याच्या वर्तमानपत्रात आला. महाराष्ट्राने आपले मोजले, कर्नाटकाने आपले, आंध्र-तेलंगणाने आपले. १९५६ची रेघ मृत्युलेखांतूनसुद्धा गेली आहे. ही सगळी एकाच वर्गाची मुलं, हे सांगायला कुणी उरलं नाही.

आणि याने काय बिघडतं? ऐका. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळचे कागद उर्दूत आणि मोडीत. दप्तरं होती, शिक्के होते, नोंदी होत्या, पण ते वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. कधीकाळी त्या मुलखात शाळा शिकलेला प्रत्येकजण जे सहज वाचायचा, त्यासाठी आता तज्ज्ञ लागतो. मी कारकून आहे, कागद जपण्याचं मोल मला पगारासकट कळतं. पण वाचणारा संपला की जपलेला कागदही रद्दीच. गावातल्या नव्वदीच्या आजोबांना अजून लिपी दिसत असेल, तर त्यांच्या शेजारी बसून ती शिकून घ्या. साठी बुद्धी नाठी वगैरे नंतर बघू.