गोव्यातलं बॉम जीझस चर्च लाल का आहे? ते आधीपासून तसं नव्हतंच!

गोव्याला गेलात आणि जुन्या गोव्यातल्या लाल चर्चसमोर फोटो काढला नाही, असं सहसा होत नाही. आजूबाजूची चर्च पांढरीशुभ्र असताना हे एकच लाल कसं?

देवरूखच्या माणसाला हा दगड ओळखायला वेळ लागणार नाही. आपल्या घरांच्या आणि कंपाउंडच्या भिंतींना लागतो तोच जांभा! पण हे चर्च बांधणाऱ्यांनी तो उघडा ठेवलाच नव्हता.

चर्च कधी बांधलं?

बॉम जीझस म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'चांगला येशू', म्हणजेच बाळ येशू. जेझुइट धर्मगुरूंनी १५९४ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि मे १६०५ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांच्या हस्ते चर्चचं पवित्रीकरण झालं. १९४६ मध्ये त्याला 'बॅसिलिका' हा मान मिळाला. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातल्या इतर चर्चसोबत ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिवही इथेच आहे. त्यांचा मृत्यू १५५२ मध्ये चीनजवळच्या एका बेटावर झाला. चांदीची पेटी गोव्यातल्या कारागिरांनी घडवली, तर तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतून आला. टस्कनीचे ड्यूक तिसरे कोझिमो यांनी तो भेट दिला आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. दर दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन अलीकडे नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये पार पडलं.

बांधकामात खास काय?

समोरून पाहा. खाली तीन दरवाजे, त्यावर तीन मोठ्या खिडक्या, त्याहून वर तीन गोल खिडक्या आणि सगळ्यात वर कोरीव शिखरपट्टी. त्यात 'आयएचएस' ही येशूच्या नावाची अक्षरं आहेत. तेच जेझुइटांचं चिन्ह.

भिंती जांभ्याच्या आहेत, पण खांब आणि नक्षीचा दगड वेगळा आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून त्यासाठी थेट वसईहून काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट आणला गेला. आत मात्र साधेपणा आहे. नजर सरळ जाते ती सोन्याचा मुलामा दिलेल्या मुख्य वेदीकडे.

मग लाल रंग आला कुठून?

मूळ चर्चवर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत जीर्णोद्धार करताना बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला. उघडा दगड जुना आणि भारदस्त दिसतो, असा त्यामागचा विचार. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये, पण चर्च उघडंच राहिलं.

यात बिघडलं काय?

चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. पण त्याची छिद्रं बुजत नाहीत. उघड्या गडग्यावर दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळ कसं धरतं, हे कोकणात सांगायला नको. पाणी आत मुरतं, दगड झिजतो, भिंत ओल धरते. चुन्याचा गिलावा हे पाणी अडवतो आणि आतली ओल बाहेरही जाऊ देतो. तो या इमारतीचा रेनकोट होता!

२०२० मध्ये चर्चच्या प्रमुखांनीच जाहीरपणे ही काळजी मांडली आणि गिलावा पुन्हा करण्याची मागणी केली. पण वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणात आहे, त्यामुळे निर्णय एकट्या चर्चच्या हातात नाही. शिवाय युनेस्कोच्या यादीत नाव गेलं तेव्हाही चर्च लालच होतं, आणि आज जगाला ओळख आहे ती याच रूपाची.

म्हणजे प्रश्न असा आहे : आपल्याला ओळखीचा फोटो जपायचा, की चारशे वर्षांची भिंत? पुढच्या वेळी तिथे गेलात, तर सेल्फी काढून झाल्यावर त्या चिऱ्यांकडे जरा जवळून बघा.