हृदयोपचारानंतर लवकर सुट्टी : निकष आणि काळजी

छाती न उघडता, मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन केलेल्या उपचारांमुळे रुग्णालयातील मुक्काम कमी झाला आहे. अँड्रियास ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिच येथे हृदयाच्या रोहिणीची पहिली अँजिओप्लास्टी केली. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे महारोहिणीची झडप नळीवाटे प्रथमच बसवली.

मनगटातून अँजिओप्लास्टी झाल्यास रक्तस्राव सहज आटोक्यात राहतो आणि रुग्ण काही तासांतच चालू लागतो. निवडक रुग्णांना त्याच दिवशी घरी पाठवता येते. झडपेच्या उपचारात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ केंद्रांतील ४११ रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के दुसऱ्या दिवशी घरी गेले. मात्र हे रुग्ण काळजीपूर्वक निवडलेले होते. हृदयविकाराचा झटका आलेल्यांना, धोका कमी असला तरी, साधारणतः ४८ ते ७२ तास देखरेखीची गरज असते.

सुट्टीपूर्वी रक्तदाब, नाडी, जखम आणि ईसीजी समाधानकारक असणे आवश्यक आहे. झडपेलगतच हृदयाची विद्युतवाहिनी असते. तिच्यावर दाब आल्यास ठोके मंदावून पेसमेकर लागू शकतो आणि हा बिघाड कधी काही दिवसांनीही उद्भवतो. ईसीजीत नवा बदल दिसल्यास मुक्काम वाढवणेच हिताचे.

घराचे अंतर हाही एक निकषच आहे. पांढुर्णा जिल्ह्यातील लोधीखेडा नागपूर–छिंदवाडा रेल्वेमार्गावर असून जवळचे महानगर नागपूरच. अशा गावी परतणाऱ्या रुग्णासोबत पहिल्या रात्री जाणते माणूस, वाहनाची सोय आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक असावा. ही व्यवस्था नसल्यास एक दिवस अधिक थांबण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी.

घरी जखमेतून रक्त आल्यास त्या जागी घट्ट दाब द्यावा; जखम जांघेत असल्यास रुग्णाला आडवे झोपवावे. रक्त न थांबल्यास, तसेच छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून कधीही थांबवू नयेत. स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. सुट्टीचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. गोळ्यांच्या वेळा मराठीत लिहून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये.