कॉम्प्युटरवेल्ट (अल्बम)

कॉम्प्युटरवेल्ट (अर्थ : संगणकविश्व) हा क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतगटाचा आठवा स्टुडिओ अल्बम आहे. तो मे १९८१ मध्ये प्रकाशित झाला. त्याची इंग्रजी आवृत्ती कॉम्प्युटर वर्ल्ड या नावाने निघाली. नागरिकांविषयीच्या माहितीचा संगणकीय साठा आणि त्यावरील पोलीस व बँकांचा ताबा हा विषय लोकप्रिय संगीतात लवकर हाताळणाऱ्या कलाकृतींपैकी ही एक होय.

पार्श्वभूमी

१९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत रेड आर्मी फॅक्शन या सशस्त्र डाव्या संघटनेच्या कारवाया चालू होत्या. विसबाडेन येथील बीकेए या संघराज्य गुन्हे अन्वेषण कार्यालयाचे अध्यक्ष होर्स्ट हेरोल्ड (कार्यकाळ १९७१–१९८१) यांनी तपासासाठी संगणकाचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू केला. खोट्या नावाने राहणारा फरारी विजेचे बिल बँकेमार्फत न भरता रोखीने भरेल, या तर्कावर रोखीने बिल भरणाऱ्या ग्राहकांच्या याद्या इतर सरकारी नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. १९७९ मध्ये फ्रांकफुर्ट येथे या पद्धतीने संघटनेचा एक सदस्य सापडला. मात्र त्यासाठी हजारो निरपराध ग्राहकांच्या नोंदी चाळल्या गेल्या. हेसन राज्याने १९७० मध्येच जगातील पहिला माहिती-संरक्षण कायदा केला होता, तरी नागरिकांची अस्वस्थता कायम होती.

आशय

शीर्षकगीतात इंटरपोल, एफबीआय अशा पोलीस यंत्रणांबरोबर डॉइश बँकेचेही नाव येते. जर्मन आवृत्तीत बीकेएचा उल्लेख असून आपली माहिती अशा कार्यालयांकडे असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. इंग्रजी आवृत्तीत हा भाग नाही. त्यामुळे केवळ इंग्रजी आवृत्ती ऐकणाऱ्यास गीतातील राजकीय धार सहसा जाणवत नाही.

तरीही याला निषेधगीत म्हणणे कठीण आहे. आवाज निर्विकार आहे, चाल प्रसन्न आहे आणि भाष्य जवळजवळ नाही. ‘टाशेनरेश्नर’ (खिशातील गणकयंत्र) या गीतात तर यंत्राशी खेळण्याचा निखळ आनंद आहे. ‘कॉम्प्युटर लीबे’ हे पडद्यासमोर एकट्या बसलेल्या माणसाचे गीत आहे, तर ‘नुमर्न’मध्ये निरनिराळ्या भाषांतील अंकांखेरीज शब्दच नाहीत. पाळत ठेवणारे यंत्र आणि खेळणे म्हणून हाताळले जाणारे यंत्र या अल्बममध्ये वेगळे काढता येत नाही.

निर्मिती

राल्फ ह्यूटर, फ्लोरियान श्नायडर, कार्ल बार्टोस आणि वोल्फगांग फ्ल्यूर यांनी ड्युसेलडॉर्फ येथील क्लिंग क्लांग या स्वतःच्या स्टुडिओत हा अल्बम तयार केला. संगणकाविषयीचा हा अल्बम प्रत्यक्षात संगणकाविना, अॅनलॉग सिंथेसायझर व सिक्वेन्सर वापरून बनवला गेला. मुखपृष्ठावर संगणकाच्या पडद्यावर चौघांचे चेहरे दिसतात. १९८१ च्या जगदौऱ्यासाठी स्टुडिओतील उपकरणे मंचावर नेता येतील अशी नव्याने बांधण्यात आली. या दौऱ्यात मुंबईतही कार्यक्रम झाला. ‘टाशेनरेश्नर’ सादर करताना कलाकार मंचाच्या कडेला येऊन छोट्या वाद्यांची बटणे प्रेक्षकांना दाबू देत.

प्रभाव

‘कॉम्प्युटर लव्ह’ आणि ‘द मॉडेल’ या जुन्या गीताची एकत्रित तबकडी फेब्रुवारी १९८२ मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ‘नुमर्न’चा ताल आफ्रिका बंबाटा यांच्या ‘प्लॅनेट रॉक’ (१९८२) या गीतातून अमेरिकी हिप-हॉपमध्ये शिरला. ‘कॉम्प्युटर लव्ह’ची सुरावट कोल्डप्ले या गटाने २००५ मध्ये ‘टॉक’ या गीतात वापरली.

अल्बमचा विषय जर्मनीत पुढेही जिवंत राहिला. १९८३ मध्ये योजलेल्या जनगणनेस नागरिकांनी न्यायालयात आव्हान दिले. १५ डिसेंबर १९८३ रोजी संघराज्य घटना न्यायालयाने स्वतःविषयीच्या माहितीच्या वापराबाबत निर्णय घेण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. नियोजित जनगणना सुधारित स्वरूपात १९८७ मध्ये पार पडली.