जिवतीच्या अंगावरून जाणारं रात्रीचं टपाल

आज गोष्ट एका जुन्या विमानमार्गाची. गेले काही आठवडे तो मी फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उडवून बघतोय. नागपूर ते मद्रास, विमान डकोटा, वेळ मध्यरात्रीनंतरची, साल १९४९.

आधी थोडी पार्श्वभूमी. जानेवारी १९४९ च्या अखेरीस आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार टोकांकडून रात्री विमानं निघायची आणि नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची. तिथं थैल्यांची अदलाबदल व्हायची, की पहाटेच्या आत पुन्हा आपापल्या वाटेनं पसार. दळणवळण खातं तेव्हा रफी अहमद किडवईंकडे होतं. १ एप्रिल १९४९ पासून तर असं ठरलं, की देशातलं पत्र विमानानं लवकर पोचत असेल तर जादा पैसे न घेता विमानानंच न्यायचं. सुरुवातीला हे काम खासगी कंपन्यांनी केलं, १९५३ मध्ये त्या सरकारजमा झाल्यावर इंडियन एअरलाइन्सनं.

इतकं पुस्तकात सापडतं. पण नकाशावर सोनेगावपासून मद्रासपर्यंत सरळ रेघ ओढा. चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचं चांदा, डाव्या हाताला राहतं, मग बल्लारशा, मग वर्धा नदी. आणि त्यानंतर रेघ आमच्या जिवतीच्या डोंगराला पूर्वेकडून जवळजवळ घासूनच जाते. ताशी अडीचशे किलोमीटर धरले, तर उड्डाणानंतर साधारण चाळिसाव्या मिनिटाला जिवती उजव्या हाताला येते. पुढं तीन तास मद्रास.

इथं सिम्युलेटर फसवतो. त्याची जमीन आजच्या उपग्रह-चित्रांवरून उभी केलेली आहे, त्यामुळे विमान १९४९ चं आणि खालचे दिवे आजचे! पहिल्याच फेरीत चंद्रपूरचं वीजकेंद्र लखलखत होतं, गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने, राजुऱ्याच्या कोळसा खाणी, सगळं कसं दिवाळीसारखं. यातलं बहुतेक १९८० नंतरचं. वैमानिकाला हे दिवे दिसते तर त्याला नकाशाच लागला नसता. म्हणून मी दिवे पुसत बसलो. हे काम विमान उडवण्यापेक्षा जास्त वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते इतिहासाचं खरं काम तेच आहे. बल्लारशा स्थानकावर मिणमिणता उजेड ठेवला, कारण दिल्ली-मद्रास रेल्वे तिथून जात होतीच. सिरपूरचा कागद कारखाना ठेवला, तो १९४० च्या दशकातच चालू झाला होता. दोहोंच्या मध्ये, माणिकगडाच्या रांगेवर, काहीच नाही.

आता उडवून बघा. बल्लारशा मागं पडलं, की खिडकीत काळंच. आभाळ कुठं संपतं आणि डोंगर कुठं सुरू होतो ते कळत नाही. आधार काय, तर होकायंत्र, घड्याळ आणि रेडिओ बीकनकडे वळणारी एक सुई. ती सुईसुद्धा पावसाळ्यात दगा देते, वीज कडाडली की बीकन सोडून विजेकडेच वळते. जुलैच्या रात्री हे लोक काय करत असतील, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

बरं, त्या काळोखाला सरहद्दही होती. वर्धा ओलांडली की हैदराबाद संस्थानाचा मुलूख, आदिलाबाद जिल्हा. राजुरा आणि हा डोंगर तेव्हा तिकडे होता. पोलीस कारवाई होऊन जेमतेम चार महिने झालेले. दक्षिणेला जोडेघाटच्या जंगलात कुमराम भीम १९४० मध्ये मारले गेले, ते अजून ताजंच. राजुरा चांदा जिल्ह्यात आला १९५९ मध्ये, आणि जिवती तालुक्यातली काही गावं तर अजूनही महाराष्ट्र की तेलंगण या वादात आहेत. वरून मद्रासचं पत्र मात्र एका रात्रीत निघून जायचं. खाली कोलाम-गोंडांच्या गुड्यांवर ज्यांनी तो घरघराट ऐकला असेल, त्यांच्या नावाचं त्या थैलीत काय असणार?

एक फेरी मी मुद्दाम वेगळी उडवली. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे याच मार्गावरचं डकोटा सोनेगावहून मद्रासला निघालं आणि उड्डाणानंतर लगेच एक इंजिन बंद पडून कोसळलं. चौदापैकी तेरा गेले, वाचले फक्त वैमानिक. टपालाचं विमान म्हटलं तरी आत प्रवासीही असत, हे आपण विसरतो. डकोटा एका इंजिनावर उडतं, पण हाताशी उंची आणि वेग असेल तर. धावपट्टी सोडताना दोन्ही नसतात.

मग मी जिवतीच्या बाजूला, आठ हजार फुटांवर, डावं इंजिन बंद केलं. विमान नाक धरून हळूहळू खाली येत राहिलं. पुढं सिरपूरचा एक दिवा, मागं बल्लारशाचा. उतरायला जागा एकाही ठिकाणी नाही. मी वळून नागपूरचा रस्ता धरला, आणि सोनेगावच्या धावपट्टीचे दिवे दिसायला तासाभराच्या आसपास लागला.