पडद्यासमोरचे परके : कोरियन टीव्ही आणि कोरियात राहणारे परदेशी

मंडळी, गेल्या काही वर्षांत कोरियन मालिका आपल्याकडे घराघरांत बघितल्या जाऊ लागल्या आहेत, त्यामुळे आजचा विषय ओळखीचा वाटेल. पण आपण पुण्या-मुंबईत बसून बघतो तो कोरियन टीव्ही वेगळा, आणि आन्सानच्या कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत राहणारा नेपाळी किंवा व्हिएतनामी माणूस बघतो तो वेगळा. आपल्याला नाही आवडलं तर आपण बंद करतो. त्याला मात्र उद्या सकाळी त्याच लोकांत कामाला जायचं असतं. त्याच्यासारख्या माणसाचं जे चित्र रात्री पडद्यावर दिसलं, ते बघून आलेले लोक सकाळी त्याच्या शेजारी यंत्रावर उभे असतात. म्हणून कोरियन टीव्हीबद्दल त्याचं मत काय, हा प्रश्न नुसता आवडीनिवडीचा उरत नाही. त्याला एक इतिहास आहे आणि आज आपण तो बघणार आहोत.

सुरुवात जरा उलटी आहे. कोरियातलं पहिलं दूरचित्रवाणी केंद्र, एचएलकेझेड, १९५६ साली सोलमध्ये सुरू झालं. अमेरिकन आरसीए कंपनीचे संच विकणाऱ्या वितरकानं ते काढलं होतं. म्हणजे आधी टीव्ही विकायचा, मग त्यावर काहीतरी दाखवायचं! युद्ध संपून तीन वर्षं झालेली, देश कंगाल; संच घेणार कोण? पुढच्याच वर्षी, १९५७ साली, अमेरिकन सैन्यानं आपल्या जवानांसाठी स्वतःची वाहिनी सुरू केली, एएफकेएन. त्यामुळे त्या काळात कोरियात राहणाऱ्या परदेशी माणसाला कोरियन टीव्हीविषयी मत असायचं कारणच नव्हतं. तो स्वतःची वाहिनी बघत होता. उलट कोरियन लोकच ती बघत होते. सोलमध्ये ती साध्या अँटेनावर दिसायची, दोन नंबरच्या चॅनेलवर, आणि तो चॅनेल कोरियाला परत मिळाला १९९६ साली. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं सोलच्या घरांमध्ये परक्यांचा टीव्ही फुकट येत होता. कोरियन मुलं त्यावर इंग्रजी शिकली, अमेरिकन गाणी शिकली, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्याला नावंही ठेवली. परदेशी माणसाच्या टीव्हीविषयी कोरियन माणसाचं मत काय, हा प्रश्न तिथे आधी आला. उलटा प्रश्न बराच नंतरचा.

मधल्या काळात एक छोटा गट वेगळा होता. १९६६ ते १९८१ या काळात अमेरिकेचे पीस कोअरचे स्वयंसेवक कोरियात येत होते. ते छावणीत राहत नसत. गावात, कोरियन कुटुंबांत राहत. तोवर केबीएस आली होती, पाठोपाठ टीबीसी आणि एमबीसी. १९७२ साली केबीएसवर 'योरो' नावाची मालिका लागली आणि ती लागण्याच्या वेळेला रस्ते ओस पडत, असं सांगतात. आपल्याकडे रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा जे व्हायचं तसंच. अशा घरात राहणाऱ्याला टीव्ही बघावाच लागतो, कारण सगळं घर तिथेच बसलेलं असतं. त्याला अर्धं कळत नसतं, पण सासू कधी रडते आणि सून कधी गप्प बसते, हे कळतं. भाषा शिकण्याचा हा मार्ग पुस्तकापेक्षा चांगला होता, असं आमचं मत आहे. पुढे १९९० च्या दशकात जपानी धर्तीवर करमणुकीच्या कार्यक्रमांत बोललेलं वाक्य रंगीत अक्षरांत खाली उमटू लागलं, तेव्हा तर परदेशी विद्यार्थ्यांची चांगलीच सोय झाली. कानाला निसटलेलं डोळ्याला सापडू लागलं.

इथे जाता जाता पैशांबद्दल बोलू. कोरियात टीव्हीचं शुल्क आहे, महिन्याला अडीच हजार वॉन. हा आकडा १९८१ पासूनचा आहे, आणि १९९४ पासून तो वीजबिलात जोडून येऊ लागला. घरात संच असेल तर शुल्क भरायचं, भाषा कळो न कळो. बरं, सबटायटल्स? लॉस एंजेलिसमधल्या किंवा मनिलामधल्या प्रेक्षकाला कोरियन मालिका इंग्रजी अक्षरांसह मिळायची. सोलमध्ये राहून शुल्क भरणाऱ्याला तीच मालिका कोरडी बघावी लागे. १९९७ साली आरिरांग ही इंग्रजी वाहिनी निघाली हे खरं, पण तिचा रोख परदेशी लोकांना कोरिया दाखवण्यावर होता. शेजारी राहणाऱ्या परदेशी माणसाला त्याचे शेजारी काय बघतात ते कळावं, याची काळजी फारशी कुणाला नव्हती.

आता मुख्य भागाकडे येऊ. १९९३ साली कोरियानं 'प्रशिक्षणार्थी' या नावाखाली परदेशी कामगार आणायला सुरुवात केली. नाव प्रशिक्षणाचं, काम कारखान्यातलं, आणि कामगाराचे हक्क जवळपास नाहीत. २००४ साली ऑगस्टमध्ये रीतसर रोजगार परवान्याची पद्धत आली. त्याच वर्षी केबीएसच्या एका विनोदी कार्यक्रमात एक कोरियन नट 'ब्लांका' नावाच्या श्रीलंकन कामगाराची भूमिका करू लागला. मोडक्या कोरियनमध्ये तो म्हणायचा, "साजांगनिम, नाप्पायो!" म्हणजे, मालक वाईट आहेत हो! हे वाक्य देशभर गाजलं.

यावर कामगारांचं मत काय असणार? सोपं उत्तर नाही. एक तर ते खरं होतं. मालक पगार बुडवतो, पासपोर्ट काढून घेतो, ही गोष्ट पहिल्यांदाच ऐन करमणुकीच्या वेळेला देशासमोर आली. पण ती आली एका कोरियन माणसाच्या तोंडून, आणि लोक हसले ते मालकाला नव्हे, उच्चारांना. दक्षिण आशियातला माणूस रस्त्यानं दिसला की मागून तेच वाक्य ऐकू येऊ लागलं. तक्रार करायला जे शब्द होते, तेच चिडवायला वापरले गेले.

सुनांचं वेगळं. २००५ पासून दहा वर्षं केबीएसवर 'लव्ह इन एशिया' चालला. व्हिएतनाम, फिलिपिन्स, कंबोडिया, मंगोलिया इथून लग्न करून कोरियन खेड्यात आलेल्या बायकांवरचा कार्यक्रम. शेवटी तिला कुटुंबासह माहेरी नेत आणि कॅमेरा तिथलं रडणं टिपत असे. अभ्यासकांनी यावर पुष्कळ टीका केली आहे: कार्यक्रमाला सोशिक सून हवी, भांडणारी नको, आणि माहेर जितकं गरीब तितकं चित्र छान. टीका बरोबर आहे, पण आम्हाला ती अपुरी वाटते. विमानाचं तिकीट परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षं आईला न भेटलेल्या बाईला कुणी तिकीट काढून देत असेल, तर ती कॅमेऱ्यासमोर हवी तेवढी सोशिक होईल. 'माहेर' हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावर उत्तर म्हणून काही कामगारांनी ठरवलं की आपणच टीव्ही काढायचा. २००५ साली 'स्थलांतरित कामगार टीव्ही', म्हणजे एमडब्ल्यूटीव्ही, सुरू झाला. आरटीव्ही या नागरिकांसाठीच्या वाहिनीवर त्याला जागा मिळाली. नेपाळी, बांग्ला, मंगोलियन, बर्मी अशा भाषांत बातम्या. कॅमेरा धरणारे, वाचणारे सगळे कामगार. त्यातला एक मिनोद मोक्तान, सगळे त्याला मिनू म्हणत. तो १९९२ साली नेपाळहून आला, हॉटेलांत, शिवणकामाच्या कारखान्यांत राबला. केबीएसच्या परदेशी लोकांसाठीच्या स्पर्धेत गाऊन त्यानं बक्षीसही मिळवलं होतं. म्हणजे सरकारी टीव्हीनं त्याला टाळ्या दिल्या होत्या. पुढे २००३ च्या धरपकडीविरुद्ध धरणं धरलं गेलं, तेव्हा त्यानं साथीदारांसह 'स्टॉप क्रॅकडाऊन' नावाचा बँड काढला, आणि मग एमडब्ल्यूटीव्हीचं काम हाती घेतलं. कागदपत्रं नव्हती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला पकडून नेपाळला पाठवलं. कोरियन गाणी गाणारा मिनू सतरा वर्षं चालला. कॅमेरा हातात घेतलेला मिनू काही वर्षंच चालला.

आमचं आजचं म्हणणं इथे येऊन ठेपतं. कोरियन टीव्हीला परदेशी माणसाचं मत फार आवडतं, पण ते मत कोरियाविषयी असावं लागतं. जेवण तिखट आहे का, माणसं प्रेमळ आहेत का, मेट्रो वेळेवर येते का. हे मत टीव्हीविषयीच असेल तर मामला बिघडतो.

२००६ साली केबीएसवर 'मिन्योदुरुई सुदा', म्हणजे 'सुंदरींच्या गप्पा', सुरू झालं. कोरियन बोलणाऱ्या परदेशी तरुणी एका मंचावर बसत आणि मतं देत. त्यातली वेरा होहलायटर ही जर्मन पत्रकार. तिनं २००९ साली स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या देशात सोलविषयी पुस्तक छापलं. त्याचे भाषांतरित तुकडे कोरियन इंटरनेटवर फिरले आणि केवढा गदारोळ झाला! मंचावर जे मत गोड वाटायचं, ते पुस्तकात कृतघ्नपणाचं ठरलं.

इंग्रजी शिक्षकांची हकीकत जास्त गंभीर आहे, कारण तिथे गोष्ट कायद्यापर्यंत गेली. २००५ च्या सुरुवातीला एसबीएसच्या एका शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमानं अपात्र आणि बेताल परदेशी शिक्षकांवर एक भाग केला. काही शिक्षक तसे होतेही. पण त्यातून जी चीड उसळली तिला संघटित रूप आलं, आणि २००७ च्या अखेरीस परदेशी भाषाशिक्षकांसाठी एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. कोरियन शिक्षकांना ती नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं २००९ मध्ये पुन्हा चाचणी द्यायला नकार दिला. तिचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेलं, समितीनं २०१५ साली तिच्या बाजूनं निकाल दिला, आणि २०१७ मध्ये ही सक्ती उठली. चाचणीला कारणं अनेक होती, सगळं खापर एका कार्यक्रमावर फोडणं योग्य नाही. पण २०१२ मध्ये एमबीसीनं परदेशी पुरुष आणि कोरियन मुली यांच्यावर तसलाच भडक वृत्तांत दाखवला तेव्हा परदेशी रहिवासी एवढे का चवताळले, हे समजायला ही पार्श्वभूमी हवी. त्यांना पुढचं दिसत होतं.

२०१४ साली जेटीबीसीवर 'पीजंगसांग ह्वेदाम' आला. नावात छान कोटी आहे: 'राष्ट्रप्रमुख नसलेल्यांची परिषद' आणि 'जरा चक्रम लोकांची परिषद', असे दोन्ही अर्थ. तिथून दोन माणसं प्रसिद्ध झाली, घानाचा सॅम ओक्येरे आणि रशियातून आलेला इल्या बेल्याकोव्ह.

ओक्येरेनं ऑगस्ट २०२० मध्ये, तोंडाला काळं फासून फोटो काढलेल्या शाळकरी मुलांविषयी नापसंती लिहिली. एका दिवसात त्यालाच माफी मागावी लागली. त्याच्या जुन्या कार्यक्रमातले तुकडे, जुन्या टिप्पण्या उकरल्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत तो पडद्यावरून गेला. गंमत बघा, तीनच वर्षांपूर्वी एसबीएसच्या विनोदी कार्यक्रमात असंच काळं फासलं गेलं होतं. तेव्हा ऑस्ट्रेलियन विनोदवीर सॅम हॅमिंग्टननं खडसावलं, तर वाहिनीनंच माफी मागितली. दोन सॅम, एकच मुद्दा. यातला फरक फक्त रंगाचा म्हणावा तर तेही पुरतं खरं नाही. एकानं मोठ्या वाहिनीला बोल लावला होता, दुसऱ्यानं कोवळ्या मुलांना. पण रंगाचा नाही असं म्हणायची आमची तयारी नाही.

आणि बेल्याकोव्ह. जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिकचं उद्घाटन. संघ एकेक करून मैदानात येत होते आणि एमबीसी प्रत्येक देशासाठी एक चित्र दाखवत होती. नॉर्वेला साल्मन मासा, रोमानियाला ड्रॅक्युला, आणि युक्रेनला चेर्नोबिल. बेल्याकोव्हनं कोरियनमध्येच विचारलं, मग कोरियाचा संघ आला तेव्हा सेवोल जहाजाचं चित्र का नाही लावलं? २०१४ साली बुडालेलं ते जहाज, तीनशेहून जास्त बळी, बहुतेक शाळकरी मुलं. हे बाहेरून आलेल्या पाहुण्याला सुचलं नसतं. कोरियन घरात बसून, त्या वर्षीच्या बातम्या कोरियनमध्ये बघितलेल्या माणसालाच सुचू शकतं. तीन दिवसांनी एमबीसीच्या अध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर वाकून माफी मागितली. तोवर जगभरच्या वर्तमानपत्रांत ती चित्रं छापून आली होती.

मिनूला मात्र कोरियात पुन्हा पाऊल ठेवायला नऊ वर्षं लागली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट तिथल्या एका महोत्सवाच्या उद्घाटनाला दाखवला गेला, तेवढ्यासाठी त्याला मोजक्या दिवसांचा प्रवेश मिळाला. जुने साथीदार भेटले, बँडनं पुन्हा गाणी गायली. तो काठमांडूला परतला आणि पुढच्याच महिन्यात गेला.