व्यवसायोपचाराची गरज, बालकांमधील : यवतमाळ जिल्हा

जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे ही वयानुरूप कामे मुलाला शक्य तितकी स्वतः करता यावीत, यासाठी दिला जाणारा उपचार म्हणजे व्यवसायोपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी. भारतात या विषयाचे शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

लक्षणे : ९ महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणे, वर्षाचे होऊनही चिमटीत मुरमुरा न धरता येणे, १८ महिन्यांपर्यंत न चालणे, पहिल्या वर्षातच एक हात सतत टाळणे. पुढे चमच्याने खाणे, बटणे लावणे, पेन्सिल धरणे बरोबरीच्या मुलांपेक्षा फार अवघड जाणे; वारंवार अडखळून पडणे; केस कापताना, बँडच्या आवाजाने किंवा अन्नाच्या स्पर्शाने अनावर होणे. एखाद्याच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय २ वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. आलेले कौशल्य गमावल्यास मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

स्थानिक बाबी : जिल्ह्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी व कोलामी बोलली जाते. अंगणवाडीत मराठी सूचना न पाळणारे मूल घरच्या बोलीत सांगितलेले काम बिनचूक करत असेल, तर अडचण भाषेची असते. घरी पेन्सिल कधी हाताळलीच नसेल, तर आधी सराव द्यावा; सरावानेही फरक पडत नसेल, तर तपासणी आवश्यक ठरते. श्रवण व दृष्टीही तपासावी.

तपासणी : २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वर्षांच्या मुलांची मोफत तपासणी होते. कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जावे, असे ठरलेले आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. विदर्भात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण व उपचार उपलब्ध आहेत. खासगी तज्ज्ञाकडे जाताना व्यवसायोपचारासाठीच्या महाराष्ट्र राज्य परिषदेकडील नोंदणी पाहावी. पालक, आशा किंवा अंगणवाडी सेविका यांनी मुलाला काय जमत नाही, कधीपासून व कोणत्या प्रसंगी, याची टिपणे सोबत न्यावीत. आजाराचे नाव निश्चित होईपर्यंत उपचार थांबवण्याची गरज नसते.